साइक्सच्या मत्स्यवर्णनातील मराठी शब्द

मुळा-मुठा आणि त्यांच्या उपनद्यांतील माशांसंबंधी आज जे शास्त्रीय लेखन होते, त्याच्या मुळाशी कर्नल विल्यम हेन्री साइक्स याचा दख्खनच्या माशांवरील निबंध आहे. मुंबई सरकारच्या सांख्यिकी खात्याच्या कामानिमित्त १८२४ पासून या प्रदेशात हिंडत असता साइक्सने नदीकाठी मासे जमविले, त्यांची चित्रे तयार करविली आणि १८३९ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या प्रकाशनात त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. प्राणिशास्त्रज्ञ हा निबंध आजतागायत वाचीत आले आहेत. भाषेच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे क्वचितच पाहिले. वस्तुतः तो जितका माशांचा, तितकाच मराठी शब्दांचाही संग्रह आहे.

नव्या जातींना लॅटिन नावे देताना साइक्सने अनेक ठिकाणी स्थानिक नाव जसेच्या तसे उचलले. हॅमिल्टनने गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात हीच प्रथा पाडली होती; ‘रोहिता’, ‘कटला’ ही नावे त्यातलीच. परंतु साइक्सची नावे रोमन लिपीत कोरली गेली आणि प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेने ती त्याच रूपात स्थिर केली. पुढे ती मराठीत परत आली ती ‘खुद्री’, ‘मुल्या’, ‘नुक्ता’ अशी. माहेरचा शब्द सासरचे नाव लावून आला आणि घरच्यांना ओळखू आला नाही!

साइक्सच्या लेखनपद्धतीची किल्ली त्याच्या निबंधातच आहे, आणि ती माशांच्या नावांत न शोधता गावांच्या व नद्यांच्या नावांत शोधावी. कारण गावांचे उच्चार आपणांस ठाऊक आहेत. कळंब हे गाव तो लिहितो त्यात दोन्ही ठिकाणी रोमन ‘यू’ आहे. ‘दख्खन’ या शब्दातही तसेच. अर्थात त्याचा ‘यू’ म्हणजे मराठी ‘अ’. मुळा-मुठेला तो ‘मोता मोला’ असे रूप देतो, याचे कारणही कदाचित हेच असावे: ‘यू’ अगोदरच ‘अ’च्या कामी गुंतलेला आहे. ‘आ’ निःसंदिग्ध दाखवावयाचा तर तो ‘ए’ दोनदा लिहितो. ‘टाकरी’ या माशाचे नाव पाहावे. घोड नदीतील ‘ड’ त्याच्या कानी ‘र’ झाला आहे. मूर्धन्य व दंत्य वर्णांतील भेद त्याने पाळलेला नाही.

ही किल्ली लावली असता पुष्कळ नावे उघडतात. ‘मुल्या’ नव्हे, ‘मळ्या’: हनुवटीखालच्या चकतीसारख्या अवयवाने खडकाला चिकटून वाहत्या पाण्यात टिकणारा तो लहान मासा. ‘खुद्री’चे पहिले अक्षर ‘ख’ ठरते, आणि महसीरला मराठीत असलेले ‘खडची’ हे नाव शेजारी येऊन उभे राहते. ‘कोलुस’चा ‘कोळस’ होतो. ‘सींग्टी’ ही तर उघडच ‘शिंगटी’. काटेदार परांनी हात फाडणाऱ्या माशाला शिंगावरून नाव मिळावे यात नवल नाही. सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘नुक्ता’चे आहे. अरबी नुक्ता, म्हणजे बिंदू, हा अर्थ मनात येतो आणि माशाच्या तुंडावरील उंचवट्याशी त्याचा मेळही घालता येतो. पण किल्लीप्रमाणे वाचल्यास शब्द ‘नकटा’ ठरतो. या माशाच्या तुंडावर आडवी खोल खाच असते, नाक कापल्यासारखी. नदीकाठच्या माणसाने पाहिले ते हेच. शरीररचनेतील जे लक्षण ही जात ओळखण्यास पुरेसे आहे, ते त्या शब्दात अगोदरच नोंदलेले होते.

किल्ली सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘पोटेल’ या नावात ‘पाटील’ पाहण्याचा मोह होतो, कारण त्या काळचे इंग्रज पाटलाला असेच लिहीत. परंतु केवळ वर्णसाम्यावर माशाला पाटीलकी देणे ही व्युत्पत्ती नव्हे, गंमत होय.

या चर्चेला केवळ शब्दकौतुकाचे मोल आहे असे कोणी समजू नये. साइक्सने वर्णिलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरले आहे ते वर्णन, चित्र आणि नाव. यांतील तिसरा पुरावा दुर्लक्षिला गेल्याने काय होते, याचे उदाहरण ‘मुसुल्ला’ हे नाव होय. साइक्सने ‘खुद्री’ व ‘मुसुल्ला’ ही दोन नावे एकाच निबंधात वेगवेगळ्या जातींना दिली. लहान-मोठ्या वयाच्या एकाच माशाला दोन नावे असू शकतात, हे खरे. तरी बोलणाऱ्यांनी केलेला भेद तपासण्याजोगा होता. तसे न होता ‘मुसुल्ला’ हे दख्खनी नाव दूर कावेरीतील, पाठीवर उंचवटा असलेल्या महसीरला दीर्घकाळ चिकटून राहिले. २०१३ मध्ये ते नाव महसीरचे नसून हिप्सेलोबार्बस या निराळ्या प्रजातीतील माशाचे असल्याचे दाखविण्यात आले. कावेरीचा महसीर ‘टॉर रेमादेवी’ होय, हे २०१८ मध्ये ठरले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मधल्या काळात लोणावळ्यास पैदास केलेल्या खडचीची पिले कावेरीत सोडली गेली व तेथे फोफावली. ज्याला स्वतःचे खरे नाव नव्हते, त्याच्या संरक्षणाचा विचार तरी कोणत्या नावाने करावा?

पुणे परिसरात माशांच्या याद्यांची परंपरा सलग आहे. फ्रेझरची १९४२ ची, टोणपी व मुल्हेरकर यांची १९६३ ची, मुळा-मुठेवरील वाघ व घाटे यांची २००३ ची, पवनेवरील २००७ ची आणि इंद्रायणीवरील २०१२ ची, अशा याद्यांतून एकेका नदीचा पालट मोजता येतो. शेवटच्या दोन नद्या पिंपरी-चिंचवडच्या आहेत: पवना शहराच्या मधून वाहत दापोडीजवळ मुळेस मिळते, इंद्रायणी उत्तरेच्या कडेने देहू, मोशी, आळंदीवरून तुळापूरला भीमेत जाते. १९५४ मध्ये पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिल्यापासून ज्या वेगाने हा पट्टा वाढला, त्या वेगाने नदीकाठची बोली टिकणे कठीण होते. तिलापिया आणि गप्पीसारख्या परक्या माशांना भोयांच्या बोलीत जुने नाव असण्याचा प्रश्नच नाही; आणि जो देशी मासा जाळ्यात येईनासा होतो, त्याचे नावही एका पिढीत तोंडातून जाते.

म्हणूनच नव्या यादीत स्थानिक नावाचा रकाना शोभेपुरता नसावा. नाव कोणत्या गावी ऐकले, लहान व मोठ्या माशाला एकच नाव आहे की दोन, ‘ळ’ आहे की ‘ल’, हे देवनागरीत लिहिले जावे. लॅटिन नावातील साइक्सचा ‘यू’ बदलण्याचा अधिकार आता कोणालाही नाही. मराठी पाठ्यपुस्तकात ‘मळ्या’ लिहिण्यास मात्र कोणतीही संहिता आड येत नाही.