हेराचे आडनाव

'टायगर ३' हा चित्रपट १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्रदर्शित झाला. 'एक था टायगर' (२०१२) आणि 'टायगर ज़िंदा है' (२०१७) यांनंतरचा हा तिसरा भाग. 'वॉर' आणि 'पठाण' या चित्रपटांतले हेरही याच कथाविश्वातले असून २०२५ च्या 'वॉर २' पर्यंत ही साखळी लांबली आहे. असल्या धंदेवाईक चित्रपटाची चर्चा या पानांवर कशाला, असे काही मित्र विचारतील. पहूर परिसरातले माझे विद्यार्थी कवितासंग्रह विकत घेत नाहीत. टायगर मात्र त्यांनी मोबाईलवर दोन-दोनदा पाहिला आहे. त्यांतली कितीतरी मुले पहाटे अजिंठ्याच्या रस्त्यावर पोलीस आणि सैन्यभरतीसाठी धावतात. देश म्हणजे काय हे त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा हा पडदा अधिक शिकवतो. म्हणून त्याची झडती घेणे आपले काम आहे.

आधी गुण सांगितले पाहिजेत. मनीष शर्मा यांच्या या चित्रपटात भारतीय हेर पाकिस्तानच्या पंतप्रधान स्त्रीला लष्करी बंडापासून वाचवतो. शेजारी देशातील सामान्य जनता आपली वैरी नसून तिची लोकशाही गिळू पाहणारी माणसे वैरी आहेत, अशी ही मांडणी आहे. द्वेषाला बाजारभाव आलेल्या काळात एवढे म्हणणेही थोडके नाही. झोया ही नायिका नायकाची सावली नाही. ती स्वतः तयारीची हेर आहे, आणि तुर्की हमामातील तिची हाणामारी ही चित्रपटातली सर्वांत उत्तम रचलेली मारामारी आहे. मात्र शेवटी पाकिस्तानी शाळकरी मुली 'जन गण मन'ची धून वाजवतात, तेव्हा मैत्रीची कल्पना लंगडी पडते. आपला मोठेपणा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेण्याची हौस काही सुटत नाही.

आता दोष. खलनायक आतिश रहमान देशाची सत्ता उलथवायला निघालेला आहे; पण लेखकांनी त्याच्या मागे व्यक्तिगत सुडाची कहाणी लावली आहे. लष्करशाही का फोफावते, तिचा फायदा कोणाला, हे प्रश्न मग उरतच नाहीत. राजकारणाची भाऊबंदकी होऊन जाते.

याहून मोठा दोष असा की, ज्या देशासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तो देश पडद्यावर कुठेच दिसत नाही. दुसऱ्या भागात निदान इराकमध्ये अडकलेल्या परिचारिका होत्या. २०१४ साली तिक्रीतमध्ये खरोखर अडकलेल्या केरळच्या परिचारिकांवरून ती कथा सुचली होती. पोटासाठी परमुलखात गेलेल्या कष्टकरी स्त्रिया त्यात होत्या. तिसऱ्या भागात शहरे आहेत, तुरुंग आहे, हेलिकॉप्टरे आहेत. राबणारा माणूस नाही. खेडे नाही, वस्ती नाही.

आणि नायक कोण? अविनाश सिंह राठोड. या मालिकेतला दुसरा बडा हेर पठाण. तो चित्रपटगृहात टाकून दिलेला अनाथ दाखवला आहे. एकाच्या नावाला राजपूत आडनाव, दुसऱ्याच्या जन्माचा पत्ताच नाही. या दोहोंच्या मधली जी अफाट माणसे आहेत, त्यांच्यातला हेर या लेखकांना सुचत नाही.

इतिहास तपासला तर या निवडीतला विनोद लक्षात येतो. गावात नवखा माणूस आला की पाटलाला वर्दी देणे, चोराचा माग काढणे, शिवेच्या वादात साक्ष देणे, सरकारी वसूल आणि निरोप पोचवणे ही कामे या मुलखात वेसकर महाराने पिढ्यान्‌पिढ्या केली. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक हे रामोशी समाजातले मानले जातात. आपल्या खानदेशात कंपनी सरकारने १८२५ साली भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावी होते. ज्यांच्या बंडाने सरकार हैराण झाले त्यांच्याच हाती मुलखाची राखण द्यावी लागली, कारण डोंगरवाटा त्यांनाच ठाऊक होत्या. माग काढण्याची विद्या ज्यांच्या अंगी होती, अशा अनेक जमातींना पुढे १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगार ठरवले. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहून विचारावे लागले की आमची चूक कोणती? म्हणजे नजर आमची, पाय आमचे, जोखीम आमची. पडद्यावर आडनाव तेवढे दुसऱ्याचे.

नायकाच्या जागी आपला माणूस बसवला की प्रश्न सुटतो, असे मात्र मी म्हणत नाही. प्रदर्शनाच्याच दिवशी मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात, सलमान खान पडद्यावर येताच, काही प्रेक्षकांनी भर खेळात फटाके फोडले आणि बसलेली माणसे जिवाच्या भीतीने पळाली. याच दिग्दर्शकाने २०१६ साली 'फॅन' चित्रपटात नटाच्या वेड्या भक्ताची कथा सांगितली होती, हे विशेष. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. जाती राष्ट्रविरोधी आहेत, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. टायगरच्या देशभक्तीत भक्ती भरपूर आहे; बंधुता पाकिस्तानच्या पंतप्रधानांपर्यंत पोचते, पण आपल्या गावकुसापर्यंत येत नाही.

याच मालेगावात नासिर शेख यांनी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. त्याचा नायक शफीक शेख हा कृश अंगाचा यंत्रमाग कामगार. तंत्र कच्चे, पण नायकाला गाव आहे, गावाची घाण आहे आणि तिच्याशी लढण्याचे कारण आहे. कोट्यवधी रुपयांच्या टायगरजवळ नेमके हेच नाही.

आपल्या अभ्यासमंडळांतून 'टायगर ३' जरूर दाखवावा. मग भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना एकच काम द्यावे : आपल्या आजोबा-पणजोबांनी गावची राखण कशी केली आणि त्याबद्दल गावाने त्यांना काय दिले, ते लिहून आणा. त्या वह्यांतून कदाचित खरी हेरकथा निघेल.