निळ्या रंगावर संपणारा धडा

पिष्टाच्या परीक्षेचा प्रयोग आपल्या शाळांतून ठरावीक पद्धतीने होतो. भाताच्या पेजेत आयोडीनचे दोन थेंब टाकायचे, निळा-काळा रंग दाखवायचा आणि ‘पिष्ट आहे’ असा निष्कर्ष वहीत उतरवायचा. निष्कर्ष बरोबरच आहे. पण पिष्ट हा सगळीकडे एकसारखाच पदार्थ असतो, हा गैरसमज त्यातून पक्का होतो.

आसामातील चिकट ‘बोरा’ तांदळाचा दाणा कापून त्यावर विरल आयोडीन टाकले, तर तांबूस-तपकिरी रंग येतो. तेही पिष्टच! पिष्टात दोन घटक असतात : बहुतांशी सरळ साखळ्यांचे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. गडद निळा रंग अमायलोजचा. चिकट तांदळात ते जवळपास नसते. मोकळा भात होणाऱ्या अनेक जातींत ते २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते.

इथे आनुवंशिकतेचा धडा सुरू व्हायला हवा, पण तो आपण दुसऱ्या प्रकरणात कोंडून ठेवतो. शिवाय ‘चिकटपणाचे जनुक’ अशी सोपी भाषा वापरून नवा घोटाळा करतो. चिकटपणासाठी वेगळे जनुक नसते. ‘वॅक्सी’ नावाचे जनुक अमायलोज तयार करणारे विकर घडवते. चिकट जातींत या जनुकातील २३ अक्षरांचा तुकडा दोनदा आल्याने विकर निकामी होते. जपानी धाटणीच्या मऊ तांदळात एकच अक्षर बदललेले असते : ‘जी’च्या जागी ‘टी’. त्यामुळे जनुकाचा संदेश नीट जुळत नाही आणि विकर कमी बनते. दाणा भरताना हवा थंड असेल, तर याच जातींत संदेश अधिक चांगला जुळतो आणि अमायलोज वाढते. म्हणजे जनुक एकटे काही ठरवत नाही.

अमायलोज सारखे असूनही दोन जातींचे पिष्ट शिजताना वेगवेगळ्या तापमानाला फुगू शकते. अमायलोपेक्टिनच्या साखळ्यांची लांबी ठरवणारे दुसरे जनुक तिथे काम करते. हा फरक आयोडीन दाखवत नाही.

प्रयोग बदलण्याची गरज नाही. त्यानंतरचा प्रश्न बदलावा. ‘पिष्ट आहे का?’ याच्या पुढे जाऊन ‘कोणते पिष्ट, आणि ते तसे का?’ असे मुलांना विचारावे. एका घरचा भात मोकळा आणि दुसऱ्या घरचा आसट का होतो, याचे निम्मे उत्तर चुलीवर सापडेल. उरलेले दाण्यातच शोधावे लागेल.