जमेच्या बाजूचा नान-खलिया

महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली. पुढे ती परत गेली. लष्कराबरोबर आला म्हणतात तो नान-खलिया मात्र आमच्या छत्रपती संभाजीनगरात राहिला. त्या अख्ख्या व्यवहारात जमेची नोंद एवढी एकच!

खलिया खावा तो म्हाताऱ्या भटाऱ्याच्या देगेतला. मेनूकार्ड नाही, कारण पदार्थच एक. तंदुरातला जाड नान मटणाचा रस्सा पितो, पण मोडत नाही. झकपक हॉटेलांत दोनशे पदार्थांच्या यादीत हाच खलिया भेटतो. रस्सा मात्र पनीरचाच वाटतो बुवा! स्वयंपाक्याची पत यादीवर ठरत नाही. देग रिकामी झाली की ‘खतम’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतो, तोच खरा बल्लव.

धास्ती एवढीच, की या म्हाताऱ्यांमागे देगेशी बसणार कोण? तुघलकाने कमावलेले आपण घालवू नये.