नोंदवहीत बांधलेला शेतकरी : साम्यवादी राजवट आणि चिनी समाज

चीनविषयी मराठी वाचकाच्या मनात साधारणपणे दोन चित्रे असतात. पहिले आपल्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी दिले. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर गेलेला हा तरुण साम्यवाद्यांच्या एट्थ रूट आर्मीत दाखल झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतातल्या एका खेड्यात वारला. त्या चित्रातला चीन खेड्यांचा आहे, अन्यायाविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचा आहे. दुसरे चित्र ‘मुंबईचे शांघाय करू’ या घोषणेतून आले. त्यात उंच इमारती, रुंद रस्ते आणि वेगवान गाड्या दिसतात. पण पहिल्या चित्रातला शेतकरी दुसऱ्या चित्रात कुठे गेला, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. साम्यवादी राजवटीने चिनी समाजाचे काय केले, याचे उत्तर मात्र याच प्रश्नात दडलेले आहे.

आधी जमेची बाजू नोंदवू. १९५० च्या विवाह कायद्याने सक्तीचे विवाह आणि बालविवाह बेकायदा ठरवले, स्त्रीला घटस्फोटाचा आणि मालमत्तेचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या जमीन सुधारणा कायद्याने, सरकारी आकड्यांनुसार, सुमारे ३० कोटी शेतकऱ्यांना जमीन मिळाली. हे वाटप रक्तरंजित होते, त्यात लाखो माणसे मारली गेली, हेही विसरता येत नाही. १९४९ मध्ये सरासरी आयुर्मान जेमतेम ३५ वर्षांच्या आसपास होते. माओंच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच ते पासष्टीपलीकडे गेलेले दिसते. साक्षरता, लसीकरण, खेडोपाडी फिरणारे ‘अनवाणी डॉक्टर’ यांचे हे श्रेय नाकारणारा अभ्यासक प्रामाणिक म्हणता येणार नाही.

पण मिळालेली जमीन शेतकऱ्याच्या हाती फार काळ राहिली नाही. सोव्हिएत धर्तीवर अवजड उद्योग उभारायचे तर भांडवल हवे होते, आणि ते काढण्यासारखी जागा एकच होती : शेती. १९५३ पासून सरकार हे धान्याचे एकमेव खरेदीदार झाले आणि भावही सरकारच ठरवू लागले. १९५६ पर्यंत जमिनी सहकारी संस्थांत आणि १९५८ मध्ये कम्यूनमध्ये विलीन झाल्या. स्वस्तात धान्य द्यावे लागणारा शेतकरी साहजिकच शहराकडे निघाला. शहरात मात्र कामगाराला रेशन, घर आणि निवृत्तिवेतन द्यावे लागे. तेव्हा शेतकऱ्याला गावातच थांबवणे राज्याला आवश्यक वाटू लागले.

९ जानेवारी १९५८ रोजी संमत झालेल्या कुटुंब-नोंदणीच्या कायद्याने हे काम केले. या नोंदणीला ‘हुकोऊ’ म्हणतात. प्रत्येक नागरिकाची नोंद शेती किंवा बिगरशेती अशा एका गटात झाली. खेड्यातून शहरात जायचे तर शहरातील नोकरीचा दाखला, शाळेतील प्रवेश किंवा शहराच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी हवी. रेशनची कुपने नोंदणीशी जोडलेली असल्याने विनापरवाना शहरात गेलेल्या माणसाला तिथे जेवायलाच मिळेना. ही नोंद मुलाला आईकडून वारशाने मिळे. आईची जी नोंद तीच मुलाची, हा नियम १९९८ पर्यंत टिकला. १९५४ च्या राज्यघटनेने संचाराचे आणि निवासाचे स्वातंत्र्य दिले होते. १९७५ च्या घटनेतून ते शब्दच गळले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी ही व्यवस्था वर्गविहीन समाजाची घोषणा करणाऱ्या पक्षाने उभी केली, हा यातला सर्वांत मोठा विरोधाभास.

हुकोऊ ही जुनीच चिनी परंपरा आहे, असा एक युक्तिवाद केला जातो. घराघरांची नोंद ठेवण्याची पद्धत सम्राटांच्या काळापासून होती, हे खरे. पण जुनी वही प्रामुख्याने कर आणि बंदोबस्त यांसाठी असे. धान्य, नोकरी, शाळा आणि दवाखाना एकाच वहीला बांधून कोट्यवधींना गावात खिळवण्याची ताकद कोणत्याही सम्राटाकडे नव्हती.

या बांधणीची किंमत लगेचच मोजावी लागली. ‘मोठी झेप’ घेण्याच्या काळात खालच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवले आणि त्या आकड्यांवर धान्याची वसुली झाली. १९५९ मध्ये चीनने ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यात केले. होनान प्रांतातील शिनयांग भागात सुमारे दहा लाख माणसे मेली. तिथे सरकारी कोठारांत धान्य होते, आणि उपाशी लोकांनी गाव सोडू नये म्हणून रस्ते अडवले गेले होते. दुष्काळात माणूस गाव सोडतो, हा मानवजातीचा सर्वांत जुना उपाय. तोच इथे गुन्हा ठरला. १९५९ ते १९६१ या काळातील मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. शिनह्वा वृत्तसंस्थेचे पत्रकार यांग जिशंग यांनी ‘मुबेई’ म्हणजे ‘समाधिशिला’ या ग्रंथात तो ३ कोटी ६० लाख धरला आहे. त्यांचे वडीलही १९५९ मध्ये उपासमारीने गेले. हा ग्रंथ २००८ मध्ये हाँगकाँगमध्ये प्रसिद्ध झाला. चीनच्या मुख्य भूमीवर त्याला बंदी आहे. शहरांनाही झळ पोहोचली, पण मरण प्रामुख्याने खेड्यांच्याच वाट्याला आले.

हे कोणी बोलले का नाही? बोलणाऱ्यांची सोय आधीच झाली होती. १९५२ मध्ये विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकण्यात आला. खेड्यांचा जन्मभर अभ्यास करणारे फेइ शियाओतुंग १९५७ मध्ये ‘उजवे’ ठरले. १९५९ मध्ये लुशान येथे संरक्षणमंत्री फंग दहुआइ यांनी माओंना पत्र लिहून शंका मांडली आणि ते पदावरून गेले. मुक्त वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष असलेल्या देशात असा दुष्काळ टिकत नाही, हा अमर्त्य सेन यांचा निष्कर्ष इथे तंतोतंत लागू पडतो. त्याच सेनांनी हेही दाखवले आहे की, रोजच्या कुपोषणाने आणि आजारपणाने होणारे मृत्यू रोखण्यात चीन भारताच्या पुढे गेला. ही दोन्ही विधाने एकत्र पेलल्याशिवाय चीन समजत नाही.

माओंनंतर साखळी सैल झाली, तुटली नाही. १९७८ मध्ये आन्हुइ प्रांतातील शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी गुप्त करारावर अंगठे उमटवून सामुदायिक जमीन घराघरांत वाटून घेतली. पुढे हीच पद्धत देशाचे धोरण झाली. पिके वाढली, आणि मोकळे झालेले हात दक्षिणेच्या कारखान्यांकडे वळले. शहरांनी श्रम घेतले. मुलांची शाळा, आजारपण आणि म्हातारपण मात्र गावाकडेच ठेवले. ‘चिनी चमत्कारा’तील स्वस्त मजुरीचे एक मोठे रहस्य या वहीत आहे. १९५८ मध्ये शेतकऱ्याला शहराबाहेर ठेवणाऱ्या त्याच नोंदीने आता त्याला शहरात येऊ दिले, पण शहराचा होऊ दिले नाही.

मार्च २००३ मध्ये क्वांगचौ शहरात सुन जिगांग या २७ वर्षांच्या पदवीधर तरुणाला तात्पुरत्या निवासाचा परवाना जवळ नाही म्हणून ताब्यात घेतले गेले. कोठडीतील मारहाणीत तो मेला. एका स्थानिक वृत्तपत्राने बातमी छापली, कायद्याच्या अभ्यासकांनी दाद मागितली आणि त्याच वर्षी परप्रांतीयांना पकडून परत धाडण्याची व्यवस्था रद्द झाली. चिनी समाजाला थोडी फट मिळाली की तो काय करू शकतो, हे त्यातून दिसले. २०१४ मध्ये शेती-बिगरशेती हा भेद कागदावर संपवण्यात आला, तरी मोठ्या महानगरांच्या नोंदणीची दारे अजून किलकिलीच आहेत.

हुकोऊमुळे चिनी शहरांत झोपडपट्ट्या वाढल्या नाहीत, असे समर्थक सांगतात. पण गरिबी मिटवणे आणि ती दृष्टीआड ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीजिंगच्या दाशिंग भागातील आगीत १९ माणसे दगावली. त्यानंतर सुरक्षेच्या नावाखाली हजारो स्थलांतरितांना ऐन थंडीत घराबाहेर काढले गेले. गावची जमीन हा त्यांचा आधार आहे, हा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे; त्या आधारासाठी अनेकजण शहरी नोंद नाकारतातही. पण ती जमीन सामुदायिक मालकीची. तिचा मोकळेपणाने सौदा करून शहरात घर घेण्याचा हक्क शेतकऱ्याला नाही.

२०२० च्या जनगणनेनुसार ६३.९ टक्के चिनी लोक शहरांत राहत होते. शहरी हुकोऊ मात्र ४५.४ टक्क्यांकडेच होता. या दोन आकड्यांमधल्या अंतरात सुमारे २६ कोटी माणसे आहेत. शांघायच्या चित्रात न दिसणारा शेतकरी तो हाच. त्याने त्या इमारती बांधल्या आहेत. त्याचे मूल बहुधा आजीजवळ गावी शिकते आहे, कारण विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सहसा नोंद असलेल्या प्रांतातच द्यावी लागते.

कोटणीसांनी ज्यांच्या जखमा बांधल्या ते शेतकरी एका क्रांतीचे सैनिक होते. त्यांना जमीन हवी होती आणि माणूस म्हणून बरोबरीची जागा हवी होती. जमीन काही वर्षे मिळाली. बरोबरीची जागा त्यांच्या नातवंडांना अजूनही अर्ज करून मागावी लागते.