उत्खननतंत्राच्या ग्रंथांची निवड : वऱ्हाडच्या मातीच्या संदर्भात

वऱ्हाडात शेतजमिनीला ‘काळी’ आणि जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात. तेल्हारा परिसरात इतिहासाचे अध्यापन करणाऱ्यांनी उत्खननतंत्राचे ग्रंथ निवडताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही प्रमुख ग्रंथांचा परामर्श घेतला आहे.

सर मॉर्टिमर व्हीलर यांचा ‘आर्किऑलॉजी फ्रॉम द अर्थ’ (१९५४) हा ग्रंथ आजही आरंभासाठी उपयुक्त आहे. चौकोनी खड्डे, त्यांमधील न खोदलेले बांध आणि उभ्या छेदातील थरांचे वाचन ही त्याची देणगी होय. मात्र बांधांमुळे घरांचे व गल्ल्यांचे सलग चित्र खंडित होते. ही उणीव फिलिप बार्कर यांचा ग्रंथ (१९७७) विस्तृत क्षेत्र उघडण्याच्या पद्धतीने भरून काढतो. एडवर्ड हॅरिस यांनी (१९७९) थरांप्रमाणेच खड्ड्यांच्या कापालाही स्वतंत्र क्रमांक देण्याची शिस्त घातली. जुने थर भेदून खोदलेल्या विहिरी ज्या स्थळी असतात, तेथे ती अपरिहार्य ठरते.

तथापि काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भेगेतून वरचे खापर खाली उतरले, तर ते ज्या थरात सापडले त्याच थराचे मानणे चुकीचे ठरते. या दोषाची जाणीव केवळ तंत्रग्रंथांतून होत नाही. म्हणून तंत्रग्रंथाच्या जोडीला स्थानिक उत्खननवृत्तांत वाचला पाहिजे. मो. गं. दीक्षित यांचा कौंडिण्यपूरचा वृत्तांत आणि ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांचा इनामगावचा वृत्तांत (१९८८) यांत निर्णय कसे घेतले गेले, हे दिसते. मराठी परिभाषेसाठी शां. भा. देव यांचे ‘पुरातत्त्वविद्या’ हाताशी असावे.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयाच्या खरेदीचा नाही. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप उजेडात आला. ते स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या छायेत आहे. उत्खननाने पुरावा एकदाच वाचता येतो, कारण वाचतानाच तो नष्ट होतो. पुढे उरते ती केवळ नोंद.

सारांश, एक तंत्रग्रंथ, एक स्थानिक वृत्तांत आणि अनुभवी उत्खनकाच्या हाताखालील एक हंगाम, असा क्रम असावा. ग्रंथ खोदण्याचा अधिकार देत नाही; तो खोदण्यापूर्वी थांबून पाहावयास शिकवितो. जो ग्रंथ हे शिकवितो, तोच निवडीस पात्र ठरतो.