लोपलेला अकार आणि छंदाचा पुरावा

‘घर’ हा शब्द मराठी भाषक ‘घर्’ असा उच्चारतो, ‘बसला’ हा ‘बस्ला’ असा. तोच शब्द श्लोकात वा अभंगात आला की लोपलेला अकार हिशेबात परत येतो: ‘घर’ दोन अक्षरांचे आणि ‘बसला’ तीन अक्षरांचे ठरते. छंदःशास्त्राला यात विसंगती दिसली नाही, आणि वर्णनात्मक भाषाविज्ञानाने छंद हा सहसा आपला प्रांत मानला नाही. ‘आंतरविद्याशाखीय’ हे विशेषण विद्यापीठीय परिपत्रकांत पुष्कळच स्वस्त झाले आहे. त्याला काही अर्थ असेल तर तो अशा ठिकाणी दिसायला हवा.

रोमान याकोबसन यांनी १९२३ मध्ये चेक पद्यावर लिहिले ते याच जाणिवेतून. वृत्त भाषेतील कोणत्याही ध्वनिगुणावर उभे राहत नाही, त्या भाषेत अर्थभेद करणाऱ्या गुणांशी त्याचे नाते असते, हा त्यांचा आग्रह होता. स्वनिमविचाराची जडणघडण अशा रीतीने आरंभापासूनच काव्यविचाराच्या शेजारी झाली. पुढे १९५२ मध्ये याकोबसन, गुन्नार फान्ट आणि मॉरिस हॅले यांनी भेदक लक्षणांचा जो आराखडा मांडला, त्यात भाषाविज्ञान आणि ध्वनिअभियांत्रिकी एकत्र आली. प्रयोगशाळेने स्वनिमाला श्राव्य आधार दिला. पॉल किपार्स्की यांनी १९६८ मध्ये फिनिश ‘कालेवाला’च्या वृत्ताविषयी काढलेला निष्कर्ष प्रस्तुत प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे: उच्चारात न उरलेले भेद वृत्त जमेस धरते, कारण ते अंतिम उच्चारावर बेतलेले नसून स्वननियम लागण्यापूर्वीच्या अंतर्गत रूपावर बेतलेले असते.

मराठीच्या अकाराला हा सिद्धान्त तयार अंगरख्यासारखा बसतो, आणि म्हणूनच तो घालण्यापूर्वी शिवण तपासली पाहिजे. दोन पर्यायी स्पष्टीकरणे उघड आहेत. एक ऐतिहासिक: ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘देवु’, ‘योगु’ अशी अंत्यस्वर राखणारी रूपे आहेत, तेव्हाचे माप परंपरेने पुढे चालत आले असेल. दुसरे लिपीचे. मराठीत ‘अक्षर’ हा एकच शब्द लिहिलेल्या चिन्हालाही लागतो आणि उच्चाराच्या घटकालाही. मोजणारा डोळ्याने मोजतो की कानाने, हे या संज्ञेतच झाकले जाते. (पारिभाषिक कोशांनी ही गाठ सोडवण्याचे प्रयत्न केले, वर्गातल्या भाषेत ती तशीच राहिली.)

त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्रांच्या हिशेबात आहे. ‘बसला’ तीन अक्षरांत मोजला तर लघु, लघु, गुरू म्हणजे चार मात्रा. ‘बस्ला’ असा दोन अक्षरांत मोजला तर दोन गुरू, म्हणजे पुन्हा चारच. अकार गेला तरी मागे राहिलेले व्यंजन त्याची मात्रा सांभाळते. ‘राम’च्या तीन मात्रा ‘राम्’मध्ये टिकतात का, हा प्रश्न किंचित अवघड, पण फारसी छंदःशास्त्र अशा शब्दाला दीर्घ अधिक ऱ्हस्व असेच माप देते, आणि तिथे अंती कोणताही स्वर नसतो. ‘छंदोरचना’ (१९३७) लिहिणारे माधव जूलियन स्वतः फारसीचे अध्यापक होते, हे इथे आठवावे. मात्रावृत्तांपुरता, म्हणजे, मराठी अकार अंतर्गत रूपात आहे हे वृत्ताने सिद्ध होत नाही. स्वराशिवायही हिशेब जुळतो.

कसोटी लागते ती अभंगात. सहा-सहा-सहा-चार अशा मापात ‘राम’मधील ‘रा’ आणि ‘म’ यांना सारखीच किंमत आहे. मागे राहिलेल्या व्यंजनाने मात्रा सांभाळली असे म्हणून येथे भागत नाही. मग लिपीचे स्पष्टीकरण पुढे येते. पण मौखिक परंपरेत ते पुरेसे ठरत नाही, कारण ज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या त्या स्त्रियांपैकी बहुतेकींना लिपी ठाऊक नव्हती. त्यांची ओवी अक्षरसंख्येत सैल असते, हे खरे. गळ्यावर मात्र ती नेमकी बसते.

अशोक रा. केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध सादर केला आणि पुढे साहित्यमीमांसाही तितक्याच गांभीर्याने केली. एका व्यक्तीत दोन शाखा नांदल्या. विभागांच्या भिंती त्यामुळे हलल्या नाहीत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभा केलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आणि बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यातील गायनाचे झालेले ध्वनिमुद्रण हा या प्रश्नासाठी अमोल ऐवज आहे. समाजशास्त्र आणि संगीतविचार त्याच्याकडे वळले, तसे स्वनविज्ञानानेही वळायला हवे.

तपासायचे काय, हे नेमके सांगता येते. ‘म्’, ‘न्’, ‘ल्’ ही व्यंजने स्वरावाचून गळ्यात लांबवता येतात. ‘त्’, ‘क्’, ‘प्’ येत नाहीत. गाताना ‘भात’च्या अंती अकार ऐकू आला आणि ‘राम’च्या अंती नुसता ‘म्’ घुमत राहिला, तर तो अकार गळ्याची सोय आहे, भाषेच्या अंतर्गत रूपाचा अवशेष नव्हे. दोन्हीकडे तो सारखाच उमटला, तर किपार्स्कींची बाजू बळावते, निदान ऐतिहासिक स्पष्टीकरणाशी तिचा सामना बरोबरीचा होतो. आरंभी यासाठी एखादा सावध कानही पुरे. स्पेक्ट्रोग्राफ नंतर आणता येईल.