बोलीसामग्रीचा संग्रह आणि डेटाबेस-लायब्ररीची निवड

सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट-कार्यक्रमासाठी डेटाबेसशी व्यवहार करणारी कोणती लायब्ररी निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा आहे. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष का घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक होय. परंतु बोलींची सामग्री आता वहीत किंवा चिठ्ठ्यांच्या पेटीत राहत नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 मध्ये छापून निघाला, अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाच्या पुस्तिका 1960 च्या दशकात निघाल्या. आणि अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेले बोलींचे सर्वेक्षण महाजालावर उपलब्ध झाले. पहिल्या दोन प्रयत्नांत कागदाच्या जातीने नोंदीचा आशय बदलत नव्हता. डेटाबेसच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. नोंदीत काय मावते व काय गळते, हे पुष्कळ अंशी मधली लायब्ररी ठरविते. म्हणून तिची परीक्षा सामग्रीच्या स्वरूपावरून झाली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी एक स्थळ समोर ठेवू. इंदापूर तालुक्यातील बावडा हे गाव नीरा नदीच्या परिसरात, इंदापूर-अकलूज मार्गावर आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. जिल्ह्याची सीमा आणि बोलीची सीमा एकच असते की नाही, हे पाहण्यास असे गाव सोयीचे. तेथे एखाद्या विभागाने दोन-तीनशे प्रश्नांची यादी घेऊन काम आरंभिले, असे समजू. 'वडिलांच्या बहिणीला काय म्हणता?' या प्रश्नाला एखादी वृद्धा 'आत्या' असे उत्तर देईल आणि लगेच जोडील, 'आमच्या सासूबाई मावळण म्हणायच्या.' येथे उत्तर एक नाही, दोन आहेत. दुसरे उत्तर वेगळ्या पिढीचे आहे. आणि ते विचारलेले नसून आपण होऊन दिलेले आहे. बोलीच्या अभ्यासकाला बहुधा याच अनपेक्षित जोडीत अधिक रस असतो.

ही जोड लायब्ररीच्या हाती पडल्यावर तिचे काय होते? मोंगोडीबी हा डेटाबेस नोंदींवर ठरीव रचनेची सक्ती करीत नाही. म्हणून मोकळ्याढाकळ्या सामग्रीसाठी तो योग्य, असे नेहमी सांगितले जाते. परंतु त्याच्यासोबत सर्वसाधारणपणे वापरली जाणारी मंगूस ही लायब्ररी आपली रचना वरून लादते. तिच्या मूळ मांडणीप्रमाणे, रचनेत न सांगितलेला रकाना नोंदीत आला तर तो जतन होत नाही. आणि त्याबद्दल तक्रारही होत नाही. 'पिढी' हा रकाना आधी कल्पिलेला नसेल, तर सासूबाईंचा उल्लेख निमूटपणे नाहीसा होतो. अशा वेळी चूक दाखवून थांबावे, अशी आज्ञा मंगूसला देता येते; पण ती मुद्दाम द्यावी लागते. ज्या स्वातंत्र्यासाठी हा मार्ग निवडला, ते स्वातंत्र्य मधल्या दारातच अडते, हा त्यातील विरोधाभास आहे.

दुसरा पक्ष संबंधाधिष्ठित डेटाबेसचा. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वक्ता, गाव, प्रश्न, उत्तर आणि ध्वनिमुद्रण यांचे निरनिराळे तक्ते होतात व ते परस्परांशी जोडले जातात. एका प्रश्नाला दोन उत्तरे, एका उत्तराची दोन लिप्यंतरे, या गोष्टी तेथे सहज बसतात. सीक्वेलाइझ, टाइपओआरएम व प्रिझ्मा या लायब्रऱ्या तक्त्यातील ओळीचे जावास्क्रिप्टमधील वस्तूत रूपांतर करून देतात. विद्यार्थ्याला एसक्यूएल फारसे लिहावे लागत नाही, हा त्यांचा गुण आहे आणि तो लहान नाही.

परंतु रचना बदलण्याची वेळ आली म्हणजे या गुणाची दुसरी बाजू दिसते. क्षेत्रकार्यात रकान्यांची नावे बदलतातच; आरंभी 'उच्चार' म्हटलेल्या रकान्याला पुढे 'लिप्यंतर' म्हणणे अधिक अचूक वाटते. टाइपओआरएममध्ये आपोआप जुळणी करण्याची सोय चालू असेल, तर ती या बदलास दरवेळी नामांतर समजेलच असे नाही. तसे न झाल्यास ती जुना रकाना काढून टाकते व नवा रिकामा रकाना घालते. मजकूर जातो. प्रिझ्मा तर मुळात नामांतर ओळखत नाही. मात्र रचनाबदलाची फाईल आधी तयार करून, वाचून, हाताने दुरुस्त करण्यास ती वाव देते. ड्रिझल या अलीकडच्या लायब्ररीचे साधन 'हा रकाना नवा की जुन्याचेच नवे नाव?' असे विचारते. दुकानाच्या मालाची यादी पुन्हा करता येते. ऐंशी वर्षांच्या वृद्धेचे उत्तर पुन्हा मिळेलच असे नाही. त्यामुळे हा भेद किरकोळ मानता येत नाही.

तिसरी कसोटी लिपीची. यूनिकोडमध्ये 'ऱ' हे अक्षर एका संकेतांकानेही लिहिता येते आणि 'र' अधिक नुक्ता असेही. ही दोन रूपे जावास्क्रिप्टमधील प्रमाणीकरणाने एक होतात. परंतु 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेले रूप डोळ्यांना सारखे दिसत असूनही प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. त्यासाठी आपलाच नियम लिहावा लागतो. वर्णक्रमाचेही तसेच. संकेतांकांच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर आहे. म्हणून केवळ संकेतांकांवर विसंबल्यास 'काळजी' आधी व 'कावळा' नंतर येतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये भाषानिहाय वर्णक्रम निवडण्याची सोय आहे. परंतु प्रिझ्माच्या नेहमीच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत हा वर्णक्रम सांगता येत नाही. त्यासाठी शेवटी एसक्यूएलच लिहावे लागते. नेक्स व ड्रिझल यांत एसक्यूएलचा तुकडा वाक्यात सहज बसविता येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'पानी' हे उत्तर ऐकू आले असता ते 'पाणी' करून ठेवणे म्हणजे प्रमाणीकरण नव्हे. तो पुराव्याचा नाश होय. जसे ऐकले तसे रूप एका रकान्यात आणि शोधासाठीचे कोशरूप दुसऱ्यात, ही व्यवस्था कोणतीही लायब्ररी आपण होऊन करीत नाही. ती अभ्यासकानेच ठरवावयाची असते.

लायब्रऱ्यांच्या आयुर्मानाचाही विचार केला पाहिजे. नोड हे साधनच 2009 चे आहे. प्रिझ्माचे पहिले रूप स्वतंत्र मध्यस्थ सर्व्हर म्हणून चालत असे. 2020 मध्ये स्थिर झालेले दुसरे रूप रचनेने निराळे होते, आणि पहिले रूप मागे पडले. याउलट एसक्यूएलचे प्रमाणरूप 1986 मध्ये प्रथम निश्चित झाले व त्याचा गाभा आजही वाचता येतो. संशोधनाची सामग्री एका पिढीहून अधिक टिकावी अशी अपेक्षा असेल, तर तिची रचना अल्पायुषी माध्यमाच्या खाजगी परिभाषेत अडकविणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की, बोलीसंग्रहासाठी संबंधाधिष्ठित डेटाबेस आणि एसक्यूएलला जवळची लायब्ररी, म्हणजे नेक्स किंवा ड्रिझल, अथवा नुसता पोस्टग्रेएसक्यूएलचा चालक, हीच निवड युक्त ठरते. रचनाबदलाच्या फाईली एसक्यूएलमध्येच ठेवाव्यात, त्या चालविण्यापूर्वी वाचाव्यात, आणि संपूर्ण सामग्रीची साध्या मजकुराच्या रूपातील प्रत ठरावीक काळाने काढावी. प्रवेश-अर्ज किंवा ग्रंथालयातील देवघेव यांसारख्या कामी, जेथे प्रत्येक रकाना आधीच ठाऊक असतो, तेथे प्रिझ्माचा नेटकेपणा व चुका आधी दाखविण्याची शक्ती अवश्य वापरावी. तेथे आमचे आक्षेप लागू होत नाहीत.

कोणती लायब्ररी अधिक लोक वापरतात अथवा कोणती अधिक वेगवान आहे, या चर्चेला तिच्या जागी महत्त्व आहे. परंतु काही सहस्र नोंदींच्या संग्रहात वेगाचा फरक जाणवणारही नाही. अशा ठिकाणी निर्णायक प्रश्न एवढाच की, वक्त्याने न विचारता सांगितलेले वाक्य संग्रहात शिल्लक राहते काय. त्याचे उत्तर देण्यास भाषाभ्यासकाहून अधिक अधिकारी कोणी नाही, आणि म्हणूनच ही निवड त्याने दुसऱ्यावर सोपवून स्वस्थ बसू नये.